निरशा दुधासोबत

वहिनी, डॉक्टर 'अनशापोटी' म्हणाले होते. मी 'निरशा' ऐकलं. चूक माझी होती, पहिल्या दिवसापासून माझीच होती, आणि दोन वर्षं ती तुमच्या नावावर चालली.

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. तेरावा झाला, पाहुणे गेले, मांडवाचे बांबूही नेले. सकाळी साडेपाचला गोठ्यात गेलो की तुमच्या पाटावर अण्णा बसलेले असतात. त्यांना धार काढायची सवय राहिलेली नाही. जन्म कारखान्याच्या पाळ्यांत गेला, गाय त्यांना ओळखत नाही. आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाही. बोलायला बळ लागतं, आणि ते दोघांकडेही नाही. तुम्ही म्हणायचात, "भावजी, अंगात कोण तरी वाळूची पोती भरून ठेवल्यागत वाटतंय." तेव्हा मला ते बोलणं लाडाचं वाटायचं. आता ती पोती माझ्या अंगात आहेत.

त्या पहिल्या दिवशीचं सांगतो, कारण ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. बारामतीच्या दवाखान्यात थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन तुम्ही आत खुर्चीवर बसला होता. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता, कारण घरातलं सगळं बाहेरचं मीच बघायचो. माझ्या कानाला फोन होता. टँकर आला नव्हता, माझ्या दूध केंद्रावर कॅन भरून उभे होते आणि पोरं विचारत होती, निरसं दूध किती वेळ तसंच ठेवायचं. मी म्हणालो, "निरसं ठेवू नका, बर्फ मागवा." त्याच वेळी डॉक्टर म्हणाले, "अनशापोटी." माझ्या दोन कानांत दोन शब्द शिरले आणि डोक्यात पोचेपर्यंत एक झाले. अनशापोटी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमची आई जन्मभर तो शब्द वापरायची. पण न तापवलेल्या दुधाला निरसं म्हणायचं, हे माझ्या धंद्यातलं बोलणं. दिवसभर जो शब्द तोंडात, तोच कानात बसलेला.

फोन ठेवून मी डॉक्टरांना परत विचारायला हवं होतं. त्यांच्या टेबलासमोर होतो. दोन हातांचं अंतर होतं. मला लाज वाटली, की फोनवर होतो हे कळेल. म्हणून मान हलवली.

घरी आल्यावर गोळ्यांच्या बाटलीला पांढरी चिकटपट्टी लावली आणि कॅनवर नंबर टाकतो त्या पेनाने ठळक लिहिलं: रोज सकाळी १ गोळी, निरशा दुधासोबत. जुन्या वैद्यांच्या औषधाला मध लागतो, तूप लागतं, तसंच असेल असं वाटलं. तुम्ही वाचलंत आणि तुमचं तोंड कडू झालं.

"निरशा दुधासंगं? मला त्या वासानं वकारी येती, भावजी."

"औषध म्हणून घ्यायचं, वैनी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"चहासंगं चालायचं न्हाय?"

"डॉक्टर तुमी का ते?"

तुम्ही हसलात. "बरं बाई. डिग्रीवाल्यापुढं आमी काय बोलावं."

ही तुमची जुनी थट्टा. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि दूध केंद्रावर बसलो, लॅक्टोमीटर बुडवून दुधाची डिग्री बघायला. तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, "आमच्या भावजीची डिग्री दुधात बुडालीय." मी चिडायचो. आज कोणीतरी तसं म्हणावं असं वाटतं.

तुम्ही ह्या घरात आलात तेव्हा मी सातवीत होतो. धार काढायला मला तुम्हीच शिकवलंत. बोटांनी ओढतोय बघून माझ्या हातावर चापट मारली होतीत. "त्या गाईला काय चिमटं काढतोस? मुठीत धर." तेव्हा मला अरेतुरे करायचात. माझं लग्न झालं त्या दिवसापासून 'भावजी, तुमी' सुरू केलंत आणि मी कितीही सांगितलं तरी मागे आला नाहीत. तुमचा शब्द असा असायचा. एकदा धरला की सुटत नसे. एवढं माहीत असून मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही.

दोन वर्षं रोज पहाटे गोठ्यात धार काढून झाली की तुम्ही भिंतीतल्या देवळीतून बाटली घ्यायचात, अर्धा पेला निरसं दूध घ्यायचात, नाक दाबायचात आणि गोळी गिळायचात. गुडघ्यासाठी दिलेली कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर. मग वास मारायला लगेच चहा. पत्र्याखालची ती देवळी उन्हाळ्यात हात लावू नये इतकी तापायची आणि बाटली तिथेच असायची, कारण तिथे असली की विसरायला होत नाही असं तुमचं म्हणणं. तुम्ही तुमच्या परीने सगळं नेटाने करत होता. करायला जे सांगितलं होतं तेच चुकीचं होतं.

रिपोर्ट सुधारत नव्हता. डॉक्टरांनी गोळी पन्नासची पंचाहत्तर केली, शंभर केली, सव्वाशे केली. दर वेळी विचारायचे, "गोळी रोज घेता ना?" तुम्ही म्हणायचात, "रोज." ते माझ्याकडे बघायचे आणि मी, वहिनी, मी त्यांच्याकडे बघून किंचित हसायचो. त्या हसण्याचा अर्थ तुम्हाला कळत होता. तुमचं तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस कंगव्यात गोळा होऊन येणारे, आणि भर वैशाखात अंगात स्वेटर. मी म्हणालो होतो, "वैनी, काटेवाडी सोडून महाबळेश्वरला कधी गेला?" सगळे हसले. तुम्ही स्वेटरची बटणं लावलीत आणि भाकरी थापायला बसलात.

एकदा गोठ्याच्या फरशीवर मला एक गोळी सापडली. एकच. ओल्या हातातून निसटली असेल. मी ती उचलली, खिशात ठेवली आणि तुम्हाला विचारलं नाही. मनात मात्र निकाल लावून टाकला.

मग तुमच्या भावाच्या, बापूच्या पोराचं लग्न. तुमच्या माहेरी, इंदापूरकडे. हळदीला तुम्ही बसल्या बसल्या झोपलात. मुसळ बांधून झालं, बायका गाणी म्हणताहेत आणि नवऱ्या मुलाची सख्खी आत्या भिंतीला टेकून झोपलीय. तुमच्या आईने, ज्यांना मी मावशी म्हणतो त्यांनी, तुमची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"काय गं ह्ये तोंड? सुजलंय का काय? सासरी औषधपाणी हाय का न्हाय?"

ते बोलणं माझ्याकडे होतं. मंडपात चार माणसं बघत होती. मला ते लागलं. मी म्हणालो, "मावशी, औषध न चुकता आणून देतो. ह्याच घेत न्हाईत. गोठ्यात टाकून देत्यात. मी सोताच्या डोळ्यानं बघितलंय."

हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलंय की आता त्याची धार बोथट व्हायला हवी होती.

बापू तिथेच होता. "आक्का, ल्हान हायस का आता? लोकं औषध मिळंना म्हणून मरत्यात, आन् तू गोठ्यात टाकतीस?"

"एकबी गोळी चुकली न्हाय," तुम्ही म्हणालात. घोगऱ्या आवाजात, पण स्पष्ट. "रोज नाक दाबून घेती मी."

"नाक दाबून?" बापू हसला. "एवढ्याशा गोळीला कसला आलाय वास?"

सगळे हसले. मीही हसलो. वहिनी, त्या हसण्यात सगळं उत्तर होतं. नाक कशासाठी दाबता, एवढं एका माणसाने विचारलं असतं तर तुम्ही दूध म्हणाला असता आणि कोणीतरी म्हणालं असतं, दूध कशाला. कोणी विचारलं नाही. मावशींनी तुमची हनुवटी सोडली. "खोटं बोलायला माझ्यापाशी तर शिकली न्हाईस," एवढंच म्हणाल्या. परत येताना गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. मला वाटलं, पुन्हा झोपलात.

खरं कळलं ते मेडिकलच्या दुकानात. नेहमीचा माणूस नव्हता, नवीन मुलगी होती. सव्वाशेची बाटली देता देता तिने सहज विचारलं, "कुणासाठी? गोळी कशाबरोबर घेतात त्या?"

"निरशा दुधाबरोबर," मी म्हणालो. वर म्हणालो, "डॉक्टरांनीच सांगितलंय."

तिने हात थांबवला. "दुधाबरोबर नाही सांगणार, काका. अनशापोटी सांगितलं असेल."

डॉक्टरांचा तो शब्द मला तेव्हा ऐकू आला, दोन वर्षांनी.

ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. फोन खिशात वाजत होता, तो उचलला नाही. सकाळी उठल्या उठल्या, पोटात काही नसताना, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा नाही, दूध नाही, खाणं नाही. दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं, ती अंगात नीट उतरतच नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास गेले पाहिजेत. रोज एकाच वेळी. उन्हात, उकाड्यात बाटली ठेवायची नाही. आणि शेवटी ती म्हणाली, "आता नीट घ्यायला लागल्या की हीच गोळी जास्त होईल. डॉक्टरांना आधी सांगा, रक्त पुन्हा तपासावं लागेल."

तुम्ही बाहेर गाडीपाशी उभ्या होता. हातात मेथीच्या जुड्या, अंगात तो स्वेटर. मी दुकानाची पायरी उतरलो तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. तुमच्यापर्यंत पाच पावलं होती. पाचव्या पावलाला मी म्हणालो, "वैनी, डॉक्टरांनी नियम बदललाय. आता नुस्त्या पाण्याबरोबर घ्यायची, अनशापोटी. दूध बंद."

तुमचा चेहरा काय खुलला! "सुटले बाई त्या दुधातनं. देव भलं करू त्या डॉक्टरचं."

आणि मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं. स्वतःची अब्रू झाकायला मी तुमच्या अंगात सव्वाशेची गोळी जाऊ दिली, रोज, आता पुरती उतरणारी.

दीड-दोन महिन्यांत तुमचे हात थरथरायला लागले. चहा बशीत सांडायचा. घाम यायचा, झोप जायची, वजन उतरलं. "छातीत ट्रॅक्टर चालू हाय, भावजी," तुम्ही म्हणालात. "गिअर न्हाय, बिरेक न्हाय." मी घाबरलो. तेव्हा मात्र त्याच दिवशी बारामतीला नेलं.

डॉक्टरांनी नाडी धरली, रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "मध्ये काही बदललं का?"

मी खाली बघत होतो. उत्तर तुम्ही दिलंत, अगदी साधेपणाने. "काय न्हाय. तुमीच न्हाय का नियम बदलला? दुधाच्या जागी पाणी."

"मी? मी दूध कधी सांगितलं, ताई?"

मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच, त्याच खुर्चीवरून. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. टँकरचा फोन, चिकटपट्टी, दुकानातली मुलगी. ते रागावले नाहीत. म्हणाले, "असं खूप जणांचं होतं, पण लपवायचं नाही. लपवलेलं औषधाला कळत नाही." गोळी कमी करून दिली आणि सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासायला बोलावलं.

गाडीवर तुम्ही माझ्या मागे बसलात. काटेवाडीच्या फाट्यावर म्हणालात, "गाडी थांबवा." मी थांबवली, तुम्ही उतरलात. उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत तुम्ही थांबलात.

"ऐकण्यात चूक झाली त्याचं मला काय न्हाय. माणूस चुकतं. मला एवढंच सांगा, गोळी गोठ्यात टाकताना तुमी मला बघितलं हुतं का?"

"नाही, वैनी."

"मग तसं म्हणला का?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हितं नगं," तुम्ही म्हणालात. "मला ठावंच हाय मी गोळ्या घेतल्या. मला सांगून काय हुणार? जितं मला खोटी पाडली तितं जाऊन सांगा. माझ्या आयला सांगा. तवर माफीबिफी काय बोलू नगा माझ्याशी." आणि गाडीवर बसलात. "चला. धारंची येळ झाली."

मी जाणार होतो. खरंच जाणार होतो. ऊस तुटू दे म्हणालो. मग केंद्राचं ऑडिट म्हणालो. मग तुम्ही बऱ्या झालात, आणि तेच माझं सगळ्यात मोठं निमित्त झालं. रिपोर्ट बरोबर आला. सूज उतरली. स्वेटर ट्रंकेत गेला. तुमचा आवाज परत आला. गाईवर ओरडलात की शेजारची आळी जागी व्हायची. मला वाटलं, आता सगळं जागेवर आलं, जुनं कशाला उकरायचं. जे तुमच्या रक्तात बरोबर झालं ते माहेरीही आपोआप बरोबर होईल, असं काहीतरी मी मनाशी धरून बसलो.

दिवाळीला माहेरी जाऊन आलात. मी विचारलं, मावशी कशा आहेत. तुम्ही पिशवीतून करंज्या काढत म्हणालात, "बरी हाय. निघताना डोक्यावरनं हात फिरवला आन् म्हणाली, आता तरी गोळ्या टाकू नगंस गं बाय." करंज्यांची ताटली माझ्यापुढे ठेवलीत. "खावा. तूप चांगलं हाय." त्यानंतर तुम्ही मला कधी आठवण करून दिली नाहीत. कंटाळला असाल. माणसावरचा भरवसा संपला की भांडणही संपतं, हे मला तेव्हा शांतता वाटली.

चार दिवसांच्या तापाने तुम्हाला नेलं. डेंग्यूचा ताप होता. डॉक्टरांना मी व्हरांड्यात गाठून विचारलं, त्या गोळीमुळे काही? ते म्हणाले, "त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. थायरॉइड अगदी बरोबर होता त्यांचा." अण्णांना ते ऐकून बरं वाटलं. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. ज्याच्यासाठी मला शिक्षा व्हायला हवी ते त्या रिपोर्टात येतच नाही.

तिसऱ्या सकाळी तुम्ही शुद्धीवर होता. नर्सने चहा आणला. तुम्ही हातानेच नको म्हणालात आणि मला जवळ बोलावलंत. ओठ सुकले होते. "आधी गोळी द्यायला सांगा तिला. अनशापोटी." डोळ्यांत ती जुनी थट्टा होती, नक्की होती. "नीट ऐका, भावजी. निरशा न्हाय." मी हसलो आणि रडलो. ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. ती माफी होती की आठवण होती, हे मी ठरवू शकत नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून दमलोय.

दहाव्याला मावशी आल्या नाहीत, त्यांचे पाय चालत नाहीत. बापू आला होता. पिंड ठेवल्यावर तो शेजारच्या माणसाला हळू सांगत होता, "आक्कानं औषधं कधी मनावर घेतली न्हाईत हो." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. लोक माइकवर उठून बोलत होते, तुमचे गुण सांगत होते. मला बोल म्हणाले. मी हात जोडले आणि खाली बसलो. तिथेही, वहिनी. तिथेही मी बसलो.

काल तुमच्या मागच्या खोलीतल्या फळीवर अण्णा काहीतरी शोधत होते. फळीवर रांगेने गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या. तुम्ही त्यात बी भरून ठेवलं होतं. घेवडा, दोडका, दुधी, राजगिरा. पन्नासच्या, पंचाहत्तरच्या, शंभरच्या, सव्वाशेच्या. मी ती फळी रोज बघायचो. घेवड्याचं बी मीच त्यातून मागून नेलंय. जी बाई गोळ्या फेकते ती रिकाम्या बाटल्या अशा जपून ठेवत नाही, आणि एवढ्याशा गोठ्यात इतक्या गोळ्या पडल्या असत्या तर मला एकच का सापडली, हे मला दोन वर्षांत सुचलं नाही. घेवड्याच्या बाटलीवर माझी चिकटपट्टी अजून होती. शाई फिकी झालीय, पण वाचता येते.

आज सकाळी धारा झाल्यावर मी ती बाटली घेऊन इंदापूरकडे गेलो. कोणाला सांगितलं नाही. मावशी अंगणात पोत्यावर बसून लसूण सोलत होत्या. बापू मोटर चालू करून नुकताच आला होता, पाय चिखलाचे. मी मावशींसमोर खाली बसलो आणि बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी हलवून बघितली. बी वाजलं.

"काय हाय ह्ये?"

"वैनीचं घेवड्याचं बी. बापू, वरचं वाच."

बापूने बाटली डोळ्यांपाशी नेली. "रोज सकाळी एक गोळी. निरशा दुधासोबत."

"निरशा?" मावशींचा हात लसणावर थांबला. "तिला तर ल्हानपणापासनं निरशा दुधाची वकारी यायची. वाटी दावली तरी नाक दाबायची." त्या बापूकडे बघत राहिल्या. बापू बाटलीकडे बघत राहिला. हळदीतलं ते 'नाक दाबून' तो विसरला नव्हता.

मग मी ते म्हणालो. वाटभर जे जुळवलं होतं त्यातलं काही आठवलं नाही.

"मावशी, ह्ये अक्षर माझं हाय. डॉक्टर येगळं म्हणालं हुतं, मी फोनवर हुतो, मी चुकीचं ऐकलं आन् वैनीला चुकीचं सांगितलं. म्हणून गोळी लागू पडली न्हाय. वैनीनं एकबी गोळी टाकली न्हाय. टाकताना मी बघितलं न्हवतं. तुमच्या दारात, लग्नाच्या मंडपात, चार माणसांत मी खोटं बोललो आन् ती खरं बोलत हुती. तिनं मला सांगितलं हुतं, आयला जाऊन सांगा म्हणून. मी उशीर केला. मला माफ करा. तुमच्या लेकीनं रोज घेतली, मावशी. नाक दाबून घेतली."